वाघ तीन, बकऱ्या पंधरा

मैंदर्गीत, दुधनीत, अक्कलकोटात किंवा आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी आठवी ते बारावीत शिकणारं मूल आहे, ज्यांच्याकडे शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली आहे आणि जी पोरं-पोरी सोलापूर-पुण्यात इंजिनिअरिंग किंवा बीसीए करतात आणि सुट्टीला घरी येतात, अशा तिघांना उद्देशून हे लिहितो आहे. मागणं एकच आहे. येत्या सुट्टीत मुलांना एक गेम बनवू द्या. खेळू द्या असं म्हणत नाही. ती खेळतातच, त्यासाठी तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. बनवू द्या असं म्हणतो. छोटासा, दहा मिनिटांत संपणारा. गल्लीतल्या दुसऱ्या पोरानं खेळून बघावा आणि 'यात काय मजा नाही' किंवा 'परत एकदा' असं तोंडावर सांगावं, एवढाच.

आई-बापांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील तर त्या रास्त आहेत. गेम हा शब्द आपल्या घरांत बदनाम झाला आहे आणि तो उगाच झालेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पबजीवर बंदी घातली, तोवर कितीतरी घरांत ताटातली भाकरी थंड झाली होती. मग रमी आली, पैसे लावून संघ निवडायचे खेळ आले, आणि हे शिकल्यासवरल्या मोठ्यांनीही खेळले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना आणि शिकवणाऱ्या, निव्वळ करमणुकीच्या खेळांना प्रोत्साहन द्यायचंही म्हटलं आहे. पण कायदा झाला म्हणून व्हॉट्सॲपवर लिंका यायच्या थांबतील, असं समजून बसू नका.

इथं एक उपाय सुचवतो. ओरडण्यापेक्षा तो जास्त लागू पडेल. अकरावीतल्या मुलाला दहा-बारा ओळींत लिहिता येईल असा एक प्रोग्राम आहे. खिशात पाच हजार रुपये धरायचे. दर डावाला दहा रुपये लावायचे. शंभरातल्या पंचेचाळीस वेळा दहा मिळतील, पंचावन्न वेळा दहा जातील. बघायला जवळजवळ बरोबरीचा डाव वाटतो. आता संगणकाला सांगायचं, हा डाव हजार वेळा खेळ आणि शेवटी खिशात किती उरले ते दाखव. हिशेबानं दर डावामागे सरासरी एक रुपया जातो, म्हणजे हजार डावांत हजाराच्या आसपास. मुलानं तो प्रोग्राम वीस वेळा चालवला तर वीसही वेळा खिसा हलका झालेलाच दिसेल. मग पंचेचाळीसचे एकोणपन्नास करून बघू दे. एखाद्या खेपेला पैसे वाढतील, पोरगं खूश होईल. तिथंच त्याला दहा हजार डाव खेळायला लावा. जुगार वाईट असतो हे त्यानं शंभरदा ऐकलं आहे. पण त्या यंत्राच्या आत बसून आकडा स्वतःच्या हातानं फिरवला, की जिंकायचं कुणी हे आधीच ठरलेलं असतं, ते त्याला तुम्ही न सांगता कळेल.

आता पैशाचं. २०२० च्या लॉकडाऊनमधल्या जाहिराती आठवून बघा. सहा-सात वर्षांचं पोर ॲप बनवतं आणि दारात गुंतवणूकदारांची मारामारी लागते. जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी गेल्या, काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. धंदा मात्र चालूच आहे. फक्त नावं बदलतात आणि हप्ते पाडून मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचे उपक्रम घ्यावेत असं लिहिलं आहे, त्या वाक्यावर पुष्कळांनी दुकान थाटलं. माझं सरळ म्हणणं आहे, शाळकरी मुलाच्या कोडिंगसाठी हजारोंचा कोर्स विकत घेऊ नका. कर्ज काढून तर अजिबात नको. लागणारी अवजारं फुकट आहेत, ती कुठली ते पुढे सांगतोच. कमी आहे ती शेजारी बसून 'हे असं का केलंस?' विचारणाऱ्या माणसाची, आणि ते माणूस गावातच मिळतं.

सुरुवात संगणकापासून करू नये. वाघ-बकरीपासून करावी.

आपल्या सीमेवरच्या घरांत आज्जी-अज्जा मंडळींना हा खेळ ठाऊक असतो, कन्नड बोलणाऱ्या घरांत आडू-हुली आट म्हणून. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या जुन्या देवळांच्या फरशीवर, ओट्यांवर असे पट कोरलेले दिसतात. गावागावाला नियम थोडे बदलतात, पण एक सर्वसाधारण रीत अशी. पटावर तेवीस ठिकाणं. वाघ तीन, बकऱ्या पंधरा. वाघ आधी बसतात, बकऱ्या एकेक करून ठेवायच्या, आणि सगळ्या ठेवून होईपर्यंत एकही हलवायची नाही. वाघ शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या जागेवर उडी मारून तिला खातो. बकरीला कुणाला खाता येत नाही. तिनं फक्त वाघांची कोंडी करायची.

मुलांना हा खेळ दोन दिवस नुसता खेळू द्या. चिंचोके आणि खडे पुरतात. तिसऱ्या दिवशी प्रश्न विचारायला लागा. दोन्ही बाजूंना सारखी ताकद नाही, तरी खेळ रंगतो कसा? बकऱ्या पंधराच का? बारा केल्या तर? वाघ दोनच ठेवले तर? इथं अंदाज सांगून भागत नाही. दोघांनी दहा डाव पंधरा बकऱ्यांनी खेळावेत, दहा डाव बारांनी, आणि कोण जिंकलं ते वहीत रकाने आखून लिहावं. गेम बनवणारे लोक पगार घेऊन हेच काम करतात. त्याला नाव मोठं आहे, काम मात्र ओट्यावर बसून करता येतं. बारा बकऱ्यांत वाघ फारच माजतो असं दिसलं, तर नियम बदलायचा: वाघानं सलग दोन उड्या मारायच्या नाहीत, किंवा वाघाला खायची संधी असूनही त्यानं सोडली तर... तर काय, ते पोरांनीच ठरवायचं. आणि ठरवलेलं पुन्हा दहा डाव खेळून तपासायचं.

मजा आहे ती भांडणात. किती बकऱ्या खाल्ल्या म्हणजे वाघ जिंकला? कुणाच्या घरी पाच, कुणाच्या घरी सगळ्या. माणसं खेळताना असल्या जागी सांभाळून घेतात, 'बरं बरं, असू दे' म्हणतात. संगणक सांभाळून घेत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट आधी सांगावी लागते, आणि विसरलात तर तो विसरलेलंच पाळतो. उडी मारताना मधे बकरी आहे की नाही हे बघायला सांगितलं नाही, तर तुमचा वाघ रिकाम्या जागेवरून उड्या मारत सुटेल. म्हणून मुलांनी नियम पूर्ण वाक्यांत लिहून काढावेत. दुसऱ्या पोरांनी ते वाचून, एकही प्रश्न न विचारता, खेळून दाखवायचं. कुठं अडले, तिथं नियमात भोक आहे. या कामात मराठीच्या तासाला होत नसेल इतकं मराठी होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. निबंधातलं मोघम वाक्य खपून जातं, नियमातलं खपत नाही.

मग कधीतरी यंत्र. तेवीस ठिकाणांना एक ते तेवीस नंबर द्या. प्रत्येक नंबरासमोर शून्य म्हणजे रिकामं, एक म्हणजे बकरी, दोन म्हणजे वाघ. झाला पट तयार, नुसती तेवीस आकड्यांची यादी. आता दुसरी यादी: कोणत्या ठिकाणाहून कोणत्या ठिकाणी रेघ जाते. तिसरी यादी उड्यांची, कुठून, कुणावरून, कुठं. या दोन याद्या पटावर बोट ठेवून वहीत पेन्सिलीनं कराव्या लागतात आणि त्यात तास-दोन तास जातात. त्या चुकल्या तर पुढचं सगळं चुकतं, त्या बरोबर आल्या तर उरलेला प्रोग्राम जड जात नाही. कोडिंगमधलं निम्मं काम हे असं कागदावरचं असतं, हे विकणारे लोक सांगत नाहीत, कारण ते चित्रात छान दिसत नाही.

अर्थात पहिल्याच आठवड्यात कुणी वाघ-बकरी संगणकावर उभी करणार नाही. आधी सोपं काही हवं. वरून चिंचा पडताहेत आणि टोपलीत झेलायच्या, एवढा खेळ स्क्रॅचवर पहिल्या दोन बैठकांत होतो. त्यात गुण मोजायचे, वेळ लावायचा, तीन चिंचा सुटल्या की खेळ संपवायचा. सापशिडीही चांगली. तिचं मूळ असलेला मोक्षपट परंपरेनं ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जातो. तिच्यात एक धडा दडला आहे: खेळणाऱ्याला तिथं काहीच ठरवता येत नाही, सगळं फाशावर. मुलांना विचारा, एक तरी निर्णय खेळणाऱ्याच्या हाती द्यायचा तर काय कराल? कुणी म्हणेल दोन फासे टाकून एक निवडायचा. कुणी म्हणेल शिडी चढायची की नाही ते आपण ठरवायचं. एवढ्याशा बदलानं खेळ किती वेगळा होतो, ते करून बघण्यासारखं आहे. सोलापूरच्या गड्डा यात्रेत रिंग टाकायच्या स्टॉलवर पैसे घालवलेली मुलं असतील, तर त्यांना तोही प्रश्न घाला: रिंगची रुंदी कुणी ठरवली, आणि का?

मोठ्या मुलांसाठी मात्र मला एक वेगळा खेळ सुचवायचा आहे, आणि तो मी कुठल्या परदेशी पुस्तकातून घेतलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मधली बातमी तुम्हाला आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घातला. दर मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई असे ५०९ रुपये ५० पैसे वजा झाले आणि हातात दोन रुपयांचा चेक पडला. बाजारातली ती हिशेबाची पट्टी म्हणजे तयार प्रोग्राम आहे: वजन गुणिले दर, वजा खर्च. आता त्याचा खेळ करा. खेळणाऱ्याकडे पन्नास पिशव्या कांदा. रोज सकाळी बाजारभाव दिसतो, तो वर-खाली होतो. आज विकायचा की थांबायचं? थांबलं तर दर दिवशी थोडा कांदा सडतो. थोडा थोडा विकला तर गाडीभाडं दरवेळी. पाऊस आला तर? शेजाऱ्याबरोबर मिळून एक गाडी केली तर? घरात जुन्या पट्ट्यांची फाइल असेल, तिच्यातले खरे आकडे घाला. पोरगा किंवा पोरगी आकडे विचारायला बापाजवळ येऊन बसेल: 'अप्पा, हमाली पिशवीला की वजनावर?' अप्पांना कोडिंग येत नाही, पण या खेळातलं सगळ्यात महत्त्वाचं ज्ञान त्यांच्याकडेच आहे. कांद्याऐवजी तूर घ्या, ऊस घ्या, टँकरचं पाणी घ्या. आपल्या तालुक्यात विषयांना तोटा नाही.

आता अवजारं. थोडक्यात सांगतो.

स्क्रॅच हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मुलांसाठी सुरू केलं. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे, टंकलेखनाची फारशी गरज नाही. मोफत आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. म्हणजे एकानं पेनड्राइव्हवर आणलं तरी अख्ख्या संगणक कक्षाला पुरतं. छोट्या फोनच्या पडद्यावर मात्र त्यात काही बनवणं अवघड जातं. टॅब किंवा संगणक हवा.

फोनशिवाय दुसरं काही नसेल तर पॉकेट कोड बघा. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं हे मोफत ॲप. ठोकळे जोडायची तीच रीत, पण फोनवरच गेम बनतो आणि फोनवरच चालतो. नववी-दहावीच्या पुढं पायथन शिकावं. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड नावाच्या ॲपमध्ये तो इंटरनेटशिवाय चालतो. शाळेत विंडोज ७ वाले जुने संगणक धूळ खात पडले असतील तर ते टाकून देऊ नका. पायथनची ३.८ ही आवृत्ती त्यांच्यावर चालते, आणि तिच्यासोबतच चित्रं काढणारं एक कासव येतं. पुढे जा, उजवीकडे वळ, असं त्याला सांगायचं. वाघ-बकरीचा पट त्याच्याकडून काढून घेता येतो. ज्यांनी अकरावी-बारावीला आयटी विषय घेतला आहे, त्यांच्या पुस्तकात एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट आहेच. तेवढ्यात कुठल्याही ब्राउझरमध्ये चालणारा गेम होतो. पुस्तकातली उदाहरणं परीक्षेपुरती पाठ करण्यापेक्षा हे बरं.

शिकवायला कुणी नाही, अशी अडचण असेल तर मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे धडे, पुष्कळ मराठीतून, फुकट, उतरवून घेता येणारे. संगणकच नाही अशा शाळांनाही उपयोगी पडेल अशी सीएसपाठशाला एसीएम इंडिया या संस्थेनं २०१६ मध्ये सुरू केली. त्यात कोडी, खेळ आणि कागद यांवर संगणकाचा विचार शिकवतात. बेब्रास नावाची कोड्यांची स्पर्धा भारतात त्यांच्यामार्फत होते, मराठीतूनही देता येते.

भाषेबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण मैंदर्गीचा प्रश्न पुण्यासारखा नाही. इथं मूल घरी कन्नड किंवा उर्दू बोलतं, शाळेत मराठी किंवा कन्नड माध्यमात बसतं, आणि कोडिंग म्हटलं की इंग्रजी आडवी येते. इंग्रजी येत नाही म्हणून कोडिंग नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पायथनमधले दोन-तीन डझन राखीव शब्द इंग्रजी आहेत, ते अक्षरांची ओळख असलेल्या कुणालाही पंधरा दिवसांत सवयीचे होतात. बाकीची नावं तुमची. 'गुण', 'बकऱ्या', 'वाघाची_जागा' असं देवनागरीत लिहिलेलं पायथन ३ बिनतक्रार चालवतो. कन्नड लिपीही चालवतो. पडद्यावर उमटणारी वाक्यं तर कुठल्याही भाषेत. एकच खेळ तीन भाषांत चालवून दाखवणं, हे काम आपल्या मुलांना जितकं सहज जमेल तितकं सदाशिव पेठेतल्या मुलांना जमणार नाही. नियम आधी घरच्या भाषेत बोलून घ्या, मग लिहा.

हे सगळं आपल्यासारख्या गावांत होतं का? २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांना प्रत्येकी एक छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला होता. दर मुलामागे एक लॅपटॉप या जगभरच्या योजनेतली भारतातली ती पहिली शाळा. ती योजना ज्या विचारावर उभी होती, तो सेमूर पेपर्ट यांचा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा रचली आणि वर सांगितलेलं कासव तिथूनच आलं. योजना पुढं देशभर पसरली नाही. यंत्रं आली की शिकणं आपोआप येतं, या समजुतीचं फार वजन तिच्यावर होतं, असं मला वाटतं. पुण्यातली पाय जॅम फाउंडेशन सरकारी शाळांतल्या मुलांना तळहाताएवढ्या स्वस्त संगणकांवर शिकवते. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पाठ्यपुस्तकाच्या पानावर एक क्यूआर कोड चिकटवण्यासारख्या साध्या कामातून सुरू झालेल्या गोष्टीसाठी. दहा लाख डॉलरचं ते बक्षीस. निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिलं. आणि गेम बनवणं हा खराखुरा व्यवसाय असतो का असं विचारणाऱ्यांसाठी: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला 'राजी' २०२० मध्ये जगभर विकला गेला, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या प्रयत्नाच्या खेळांच्या नामांकनात होता.

पण नोकरीच्या गाजरावर मुलांना याकडे वळवू नका. मैंदर्गीतून या वाटेनं गेलेल्या शंभरातले किती गेमच्या कंपनीत लागतील? फार थोडे. बाकीचे शेती करतील, दुकान बघतील, नर्स होतील, पोलीस भरती देतील. त्यांनाही नियम लिहिता येणं, चूक कुठं आहे ते शांतपणे शोधणं आणि दुसऱ्यानं 'मजा नाही' म्हटल्यावर न रुसता बदल करणं, हे उपयोगी पडेलच.

एआयचं काय, असं हल्ली लगेच विचारतात. फोनला म्हटलं वाघ-बकरी लिहून दे, तर तो लिहून देतो, मग शिकायचं कशाला? देऊ द्या की. दिलेल्यात वाघ रिकाम्या जागेवरून उडी मारतो का ते कोण तपासणार? आपल्या गावात बकऱ्या पंधरा असतात, चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा नेपाळी खेळ त्यानं दिला आहे, हे कुणाच्या लक्षात येणार? ज्यानं वहीत उड्यांची यादी केली आहे त्याच्या. म्हणून माझा सल्ला असा, पहिला खेळ हातानं. दुसऱ्यापासून फोनची मदत घ्या, पण प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते मुलाला सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर ती ओळ काढून टाकून काय बिघडतं ते बघायचं.

मुख्याध्यापकांना हात जोडून दोन गोष्टी. कक्षाची किल्ली कपाटात ठेवू नका. संगणक वापरानं जितके बिघडतात त्याहून जास्त न वापरता बिघडतात. आणि मुलींची वेळ वेगळी लिहून ठेवा. एका संगणकाभोवती चौघं बसली की माउस मुलाच्या हातात जातो आणि मुलगी वहीत लिहून घेते. हे दुष्टपणानं होत नाही, सवयीनं होतं, म्हणूनच त्यावर वेळापत्रकाशिवाय इलाज नाही. दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. घरीही तेच: फोन एकच असेल तर भावाला तास आणि बहिणीला तास, मग ती स्वयंपाकाची वेळ असली तरी. भाकऱ्या थापायला भावाला बसवा, काही बिघडत नाही.

सुट्टीला आलेल्या कॉलेजच्या पोरापोरींनो, तुम्ही शिकवू नका. शेजारी बसा. कीबोर्ड ओढून घेऊन 'सोड, मी करून देतो' म्हणायचा मोह होईल, तेवढा आवरा. चूक सापडायला मुलीला अर्धा तास लागत असेल तर लागू दे. रोज दीड तास, पंधरा दिवस, दहा-बारा मुलं; याहून मोठा घाट घालू नका. प्रमाणपत्रं छापू नका. उद्घाटन, हार, फोटो यात पहिला दिवस जाणार असेल तर तो कार्यक्रमच रद्द करा.

दाखवायला मात्र जागा हवी, कारण कुणी खेळणारच नसेल तर खेळ कशासाठी नीट करायचा? गणपतीत मंडळाच्या मांडवात एक संध्याकाळ मागा. मंडळवाल्यांना लागणारं सामान सांगायला सोपं आहे: एक टेबल, दोन खुर्च्या, एक एक्स्टेंशन बोर्ड, आणि बनवणाऱ्या मुलानं शेजारी गप्प उभं राहून खेळणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, ही अट. प्रत्येक खेळाशेजारी वही ठेवा, खेळून झाल्यावर काय समजलं नाही ते लोकांनी लिहावं. आणि लाइट गेली तर कागदावरचे पट आणि चिंचोके टेबलाखालच्या पिशवीत ठेवलेले असू द्या.